मुले बसतात की बसवली जातात?

आजची मुले खेळत नाहीत, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते आणि तिच्याबरोबर आरोपीचे नावही लगेच सांगितले जाते. मोबाइल फोन हा तो आरोपी. त्याच्यावरील आरोप अगदीच खोटा आहे, असे कोणी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, लहान मुलांच्या शाळा तर दीड वर्षाहून अधिक काळ बंदच राहिल्या आणि शिक्षणच त्या चौकोनी पडद्यावर आले. तेव्हापासून त्याला घरात अधिकृत प्रवेश मिळाला. तथापि मोबाइल हातात येण्यापूर्वीचा मुलाचा दिवस कसा आखला गेला आहे, हे कोणी घड्याळ लावून पाहिले, तर आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी बऱ्याच जणांना उभे करावे लागेल. शहरातला सातवीतला एखादा विद्यार्थी घ्या. सकाळी तो रिक्षात किंवा बसमध्ये बसून शाळेत जातो. शाळेत पाच-सहा तास बाकावर बसतो. बसूनच परत येतो. जेवण झाले की शिकवणीला जाऊन बसतो. घरी येऊन गृहपाठाला बसतो. आणि हे सारे आटोपल्यावर तो मोबाइल घेऊन बसला, म्हणजे वडीलमाणसांच्या लक्षात येते की हा मुलगा सारखा बसलेला असतो!

या प्रश्नाची चर्चा बहुधा चुकीच्या टोकापासून सुरू होते. मुलाला कोणत्या खेळाच्या वर्गाला घालावे, पोहणे बरे की कराटे, असा विचार पालक करतात. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिका दोन असाव्यात की तीन, असा विचार शिक्षणखाते करते. पण पूर्वीच्या मुलांची हालचाल कोणत्याही तासिकेत बांधलेली नव्हती. शाळेत चालत जाणे, मधल्या सुट्टीतली धावपळ, दुकानातून काहीतरी घेऊन येणे, पाणी भरणे, दिवेलागणीपर्यंत गल्लीत लगोरी नाहीतर डबा ऐसपैस, अशी ती दिवसभर विखुरलेली होती. तिचा हिशेब कोणी ठेवत नव्हते, म्हणून ती थोडीथोडी नाहीशी होत गेली तेव्हा ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. एक तासभर व्यायाम आणि उरलेला दिवस बैठक, ही तिची भरपाई होऊ शकत नाही. आणि तो एक तासही बहुसंख्य मुलांच्या वाट्याला येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी, मध्यम ते जोरकस स्वरूपाची हालचाल हवी. ही साठ मिनिटे एका दमात पुरी व्हावीत, अशी अट नाही. त्याच संघटनेने २०१९ साली एक ते चार वर्षांच्या बालकांसाठी जे प्रमाण सांगितले ते तर दिवसभरात मिळून १८० मिनिटांचे आहे. प्रत्यक्षात काय घडते? १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे सोळा लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या बालआरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१६ साली जगातील ८१ टक्के शाळकरी मुले या किमान प्रमाणाच्या खाली होती, असे त्यात आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, मुलांमध्ये ७८ टक्के. आणि हे सारे महामारीच्या आधीचे!

भारताचा आकडा यात सुमारे ७४ टक्के आहे, म्हणजे जगाच्या सरासरीहून थोडा बरा. श्रीमंत दक्षिण कोरियातील मुलींचे प्रमाण ९७ टक्के आहे, हे वाचल्यावर एखाद्याला हायसे वाटण्याचा संभव आहे. पण या बरेपणाची जी संभाव्य कारणे अभ्यासकांनी दिली आहेत, ती हायसे वाटू देणारी नाहीत. भारत आणि बांगलादेश या देशांतील मुलगे अधिक हालचाल करतात, कारण ते गल्लीबोळांतून मिळेल त्या जागेत क्रिकेट खेळतात. आणि मुली हालचाल करतात, कारण त्यांना घरकाम करावे लागते. मुलग्याच्या वाट्याला चेंडू आणि मुलीच्या वाट्याला केरसुणी, अशी ही वाटणी आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणाने सहा वर्षांवरील लोकांची जी पाहणी केली, तिच्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. भांडी घासणारी आणि हंडे वाहणारी मुलगी शरीरशास्त्राच्या दृष्टीने 'सक्रिय' ठरत असेलही. परंतु ज्या हालचालीने मूल मोठे होते, तिच्यात त्याची स्वतःची इच्छा, सवंगडी आणि थोडा दंगा असतो. आकडेवारीच्या रकान्यात हा फरक मावत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. ज्या देशात मुलांना पोटभर सकस अन्न मिळत नाही, तेथे त्यांनी धावावे असा उपदेश करणे ही चेष्टा नव्हे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. महाराष्ट्राची स्थितीही जवळजवळ तीच आहे. त्याच पाहणीत वजन जास्त असलेल्या बालकांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेले दिसते. तेव्हा उपासमार आणि लठ्ठपणा हे दोन पाहुणे एकाच घरात उतरले आहेत. भुकेल्या मुलाला आधी जेवण, हे निर्विवाद आहे. शालेय पोषण आहाराचे महत्त्व त्यामुळेच सर्वांत अधिक. परंतु हाडे आणि स्नायू नुसत्या अन्नाने बळकट होत नाहीत. त्यांच्यावर ताण पडावा लागतो. शिवाय हा विषय केवळ वजनाचा करून टाकला, की तो गुबगुबीत मुलांच्या आईबापांचा खासगी प्रश्न होऊन बसतो आणि हडकुळे पण दिवसभर बसलेले मूल त्यातून निसटते.

मुलाच्या दिवसाचा पहिला भाग म्हणजे शाळेची वाट. ही वाट पायांनी तुडवण्याची राहिली नाही, याला केवळ पालकांचे लाड कारणीभूत आहेत असे मानणे अन्यायाचे होईल. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे अपघातांत मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एक पंचमांश पायी चालणारी होती. ज्या रस्त्याला पदपथ नाही, असला तर त्यावर दुचाक्या लावलेल्या आहेत, त्या रस्त्यावर आठ वर्षांच्या मुलाला एकटे पाठवण्याचे धैर्य कोणत्या आईने दाखवावे? ती मुलाला दुचाकीवर बसवून शाळेच्या दारापर्यंत सोडते. तिच्यासारख्या दोनशे जणी तेच करतात, आणि मग शाळेच्या दारापुढचा रस्ता हा गावातला सर्वांत धोकादायक रस्ता होतो. प्रत्येकीचा निर्णय शहाणपणाचा आणि सगळ्यांचा मिळून झालेला परिणाम वेडेपणाचा, असा हा प्रकार आहे. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा तास दारासमोरचा शंभर-दोनशे मीटरचा तुकडा वाहनांना बंद ठेवणे हे कोणत्याही नगरपालिकेला अशक्य नाही. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ नको. दोन अडथळे आणि एक हवालदार पुरे.

खेड्यांतले चित्र याच्या उलट आहे. तेथे अंतर फार आणि वाहन नाही, म्हणून मुलगी शाळाच सोडते. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला, तेव्हा त्याची मते मिळवण्याची युक्ती म्हणून टिंगल करणारे थोडे नव्हते. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून पाहिली, तेव्हा त्या योजनेने माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्याची तरतूद आहे. सायकलीने मुलगी शाळेत पोहोचते हे तर झालेच. पण त्याबरोबर रोज काही मैल तिचे पाय चालतात आणि रस्ता हीदेखील आपली जागा आहे, हे तिला आणि गावाला कळते. व्यायामाचे याहून स्वस्त साधन शोधून सापडणार नाही.

आता शाळा. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीला क्रीडांगण हवे, असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असेही म्हटले आहे. हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यात एका गावच्या शाळेच्या मैदानावर अतिक्रमण झाले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने मैदानाशिवाय शाळा असूच शकत नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. कायदा आणि न्यायालय यांचे असे एकमत असताना, शहरांतील कित्येक शाळा मात्र एखाद्या इमारतीच्या दोन-तीन मजल्यांवर भरतात आणि जेथे मैदान आहे तेथे त्याचा एक कोपरा वाहनतळाने, दुसरा नव्या वर्गखोल्यांनी व्यापलेला असतो. 'पी.टी.'ची तासिका तक्त्यावर असते. पण गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला घाला तिच्यावरच पडतो. दहावीच्या वर्गाला तर ती दिवाळीनंतर बहुधा दिसतच नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ साली नववी ते बारावीसाठी खेळाची रोजची तासिका सक्तीची केली, यातच ती आपणहून कोणी देत नव्हते, याची कबुली आहे.

शाळेचा हालचालीकडे पाहण्याचा दृष्टिकोन काय आहे, हे तिच्या शिक्षांवरून कळते. उशीर झाला, मैदानाला फेऱ्या मारा. गृहपाठ केला नाही, उठाबशा काढा. कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे, तरी या दोन प्रकारांना कोणी शिक्षा समजतच नाही. आणि संबंध वर्गाने गोंधळ केला तर काय होते? त्या दिवशीची खेळाची तासिका रद्द! धावणे ही शिक्षा आणि धावू न देणे हीही शिक्षा, अशा विलक्षण शिस्तीत जे मूल दहा वर्षे काढते, त्याच्या मनात व्यायामाविषयी प्रेम कसे उत्पन्न व्हावे? 'शांत बसा' हे वाक्य आपल्या शाळांतून जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके दुसरे कोणतेही नसेल. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला ते म्हणावे लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु हातपाय न हलवणे आणि लक्ष देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक मनातून जाणतो. तिसऱ्या तासिकेनंतर खिडकीबाहेर लागणाऱ्या नजरा त्याने पाहिलेल्या असतात.

महाराष्ट्राला तर या विषयाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले ते याच काळात. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. मात्र बलोपासनेच्या या परंपरेने एक समजूतही मागे ठेवली: व्यायाम म्हणजे विशिष्ट वेळी, विशिष्ट पोशाखात, गुरूच्या नजरेखाली करावयाची साधना. त्या काळी ती समजूत चालण्याजोगी होती, कारण आखाड्यात येणारा मुलगा उरलेला दिवसभर हिंडत-फिरतच असे. आज उरलेला दिवस बैठा झाला आहे आणि साधना मात्र तेवढीच राहिली आहे. पुढे स्पर्धांनी या समजुतीला आणखी धार आणली. मैदान संघात निवडलेल्या अकरा जणांचे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी वाटणी झाली. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या जाडसर, लाजाळू, चष्मा लावणाऱ्या मुलाला कोणीही आपल्या संघात घेत नाही, त्याच्यासाठी शाळेकडे काही नसते. वास्तविक मैदानाची सर्वाधिक गरज त्यालाच असते.

या दृष्टीने स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गावच्या एका प्राथमिक शाळेचा प्रयोग शिक्षकांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये तेथील मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटे शाळेच्या आवारात धावायला किंवा चालायला नेण्यास सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, साहित्य नाही, शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. थकला तो चालतो, दम आला की पुन्हा धावतो. 'रोजचा मैल' या नावाने ही कल्पना पुढे अनेक देशांत गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन शाळांची तुलना केली असता, प्रयोग करणाऱ्या शाळेतील मुलांच्या मध्यम ते जोरकस हालचालीत दिवसाला सुमारे ९ मिनिटांची वाढ आणि बसण्याच्या वेळेत सुमारे १८ मिनिटांची घट दिसली. दोनच शाळांच्या अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे खरे. तोच मैल वर्षानुवर्षे धावण्याचा कंटाळाही येणार. पण त्या प्रयोगाचे मर्म मैलात नाही. वर्गशिक्षिकेला ते रोज करता आले, क्रीडाशिक्षकाची वाट पाहावी लागली नाही, यात ते आहे.

आपल्याकडे त्याला आणखी सोपी रूपे देता येतील. दर दोन तासिकांनंतर पाच मिनिटे उभे राहून हातपाय मोकळे करणे. पाढे म्हणताना टाळ्या आणि पावले यांचा ताल धरणे. क्षेत्रफळ शिकवताना फळ्यावर आयत काढण्याऐवजी ओसरी पावलांनी मोजणे. मधली सुट्टी डबा खाण्यापुरती न ठेवता तिला वीस मिनिटांची जोड देणे. लंगडीला जागा किती लागते? आट्यापाट्यांना चुन्याच्या रेघांखेरीज काय लागते? मुख्य म्हणजे ही मिनिटे अभ्यासातून चोरलेली आहेत, ही भीती मनातून काढायला हवी. चीनमधील ग्वांगझो शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटे मुलांना उघड्यावर नेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत नव्याने लघुदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के होते. बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा गुण धावण्याचा नसून मोकळ्या उजेडाचा असावा, असे तज्ज्ञ मानतात. पण चार भिंतींत तो उजेड मिळत नाही, आणि उघड्यावर नेलेले मूल उभे राहत नाही!

हे सारे शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून येणार असेल, तर ते न आलेले बरे. त्याच्याकडे आधीच नोंदवह्या आहेत, ऑनलाइन माहिती भरणे आहे, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे आहेत. २९ ऑगस्ट २०१९ रोजी 'फिट इंडिया' मोहिमेचा आरंभ झाला, तेव्हा शाळांना तारांकित प्रमाणपत्रे देण्याची योजना तिच्यात आली. अशा योजनांचे आपल्याकडे काय होते, हे सांगण्याची गरज नाही: मुले धावली की नाही यापेक्षा ती धावत असतानाचे छायाचित्र संकेतस्थळावर चढले की नाही, याला महत्त्व येते. शिक्षणखात्याला खरोखर काही करायचे असेल तर त्याने एक गोष्ट करावी. हालचालीसाठी वर्गात खर्च झालेली मिनिटे हा अध्यापनाचाच वेळ धरला जाईल, एवढे लेखी कळवावे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने वर्गात मुले उभी दिसली म्हणून शेरा मारू नये, इतके अभय शिक्षकाला पुरेसे आहे.

मुलींचा प्रश्न मात्र इतक्याने सुटणारा नाही. पाचवीपर्यंत मुलग्यांच्या बरोबरीने धावणारी मुलगी सातवी-आठवीत मैदानाच्या कडेला उभी दिसू लागते. कोणी तिला मनाई केलेली असते असेही नाही. गणवेश धावण्याजोगा नसतो. स्वच्छतागृह बंद असते किंवा तेथे पाणी नसते. मैदान थोरल्या मुलांनी व्यापलेले असते. पाळीच्या दिवसांत काय करावे, हे विचारावे अशी शिक्षिका नसते. आणि घरी लवकर पोहोचून स्वयंपाकाला हात लावायचा असतो. झिम्मा, फुगडी आणि मंगळागौरीचे खेळ यांत दम लागेल अशी हालचाल पुरेपूर होती. ते खेळ आता रंगमंचावर हौसेने सादर होतात, अंगणात होत नाहीत. आठवड्यातून ठरावीक दिवशी मैदान फक्त मुलींचे, आणि सर्व मुलींना सलवार किंवा विजार असा गणवेश, हे दोन निर्णय शाळा समिती आपल्या अधिकारात घेऊ शकते. यांना पैसा लागत नाही.

राहिली संध्याकाळ. शहरांतील गृहसंस्थांच्या आवारात 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी असते आणि तिच्याखाली मोटारी उभ्या असतात. मोटारींना जागा देणे हे नियमानुसार बंधनकारक, मुलांना जागा देणे हे सभासदांच्या मर्जीवर. काचा फुटतात, वृद्धांची झोपमोड होते, हे खोटे नाही. पण मोटारींच्या आवाजाविषयी असा ठराव कोणत्याही सर्वसाधारण सभेत आल्याचे ऐकिवात नाही. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे महापालिकेच्या शाळेचे मैदान रिकामे पडलेले असते. शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सुट्टीच्या दिवसांत तर ते उघडतच नाही. ज्या शहरात नवे मैदान विकत घेण्याची ऐपत कोणाचीच राहिलेली नाही, तेथे जनतेच्या पैशाने राखलेली ही जागा रोज संध्याकाळचे दोन तास परिसरातील मुलांना मोकळी करून देणे, एवढे तरी ताबडतोब करता येईल. पहारेकऱ्याचे वेतन कोणत्या खात्यातून द्यायचे, मुलाच्या पायाला लागले तर उत्तर कोणी द्यायचे आणि फाटकाची किल्ली कोणाकडे राहायची, या तीन प्रश्नांपाशी हा विषय अडून बसतो. या तिन्हींची उत्तरे लिहिलेला एक पानाचा ठराव महापालिकेच्या पुढच्या सभेत मांडायला कोणा एका नगरसेवकाची सही पुरेशी आहे.